मराठी माध्यमवाल्यांनी जुनं इंग्रजी साहित्य कुठून सुरू करावं?

नौपाडाकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्यात दर शनिवारी संध्याकाळी दीड तास बसणारा एक वाचनगट सुरू होतोय. दहा-बारा जण आहेत, तिशीपासून सत्तरीपर्यंतचे, बहुतेक मराठी माध्यमातले. कामापुरतं इंग्रजी सगळ्यांना येतं. मेल लिहितात, पेपर वाचतात. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी पुस्तक हातात घेतलं की दहाव्या पानाला गाडी रुतते. भाषा सुधारायची आहे आणि वाचनाची मजाही घालवायची नाही. परीक्षा कोणालाच द्यायची नाहीये.

तर जाणकारांना प्रश्न: पहिलं पुस्तक कोणतं घ्यावं? मूळ वाचावं की सोपी केलेली आवृत्ती? शब्द अडला की दरवेळी कोश उघडायचा का? गटात 'प्राईड अँड प्रेज्युडिस'चा आग्रह धरणारे तिघं आहेत, त्यांना काय सांगू?

---

तलावपाळी

पहिलं पुस्तक: जे सगळ्यात पातळ असेल ते. बाकी जाणकार येतीलच, तोवर जागा धरून ठेवतो.

---

नेरूळचे_मास्तर

तलावपाळी थट्टेत बोलले, पण मुद्दा बरोबर आहे. पहिल्या पुस्तकाची लांबी फार महत्त्वाची. 'प्राईड अँड प्रेज्युडिस' सव्वा लाख शब्दांच्या आसपास जातं, प्रकरणं ६१. शनिवारच्या गटाला ते वर्षभर पुरेल आणि गट तेवढा टिकणार नाही. 'ॲनिमल फार्म' (१९४५) साधारण तीस हजार शब्दांचं, बरोबर दहा प्रकरणं. एका शनिवारी एक प्रकरण म्हटलं तर दहा आठवड्यांत पुस्तक हातावेगळं. ऑर्वेलची वाक्यं आखूड, क्रियापद कर्त्याच्या जवळ, अलंकार जवळजवळ नाहीत. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) अठ्ठावीस हजारांच्या घरातलं, पण भाषा ऑर्वेलपेक्षा बरीच दाट.

पुस्तक झेपेल की नाही हे दुकानातच कळतं. मधलं कुठलंही पान उघडा (पहिलं नको, पहिल्या पानावर लेखक नटूनथटून आलेला असतो). साध्या छपाईच्या पानावर तीनशेच्या आसपास शब्द असतात. अजिबात न कळलेले शब्द बोटांवर मोजा. सहापर्यंत असतील तर कोशाशिवाय मजेत वाचाल. सात ते पंधरा असतील तर गटात, कोणाच्या तरी मदतीने निभेल. पंधराच्या वर गेलं की पुस्तक परत फळीवर. हे आकडे हवेतले नाहीत. वाचनात ९८ टक्के शब्द ओळखीचे असले तर बाकीचे संदर्भाने लागतात, असं शब्दसंग्रहावर काम करणारे पॉल नेशन आणि त्यांचे सहकारी सांगतात. तीनशेचे दोन टक्के म्हणजे सहा.

त्याच नेशन यांच्या २००६ च्या अभ्यासाप्रमाणे सरळ न अडखळता कादंबरी वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात. म्हणून सुरुवातीला अडखळणं गृहीतच धरा.

---

तुर्भे_एमआयडीसी

विरोधी मत मांडतो. भाषा सुधारायची असेल तर दीडशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी कशाला? व्हिक्टोरियन वाचून कोणी मीटिंगमध्ये बोलायला लागत नाही. उलट मेलमध्ये 'आय शॅल बी मच ऑब्लाइज्ड' घुसतं आणि समोरचा हसतो. आजचं चांगलं इंग्रजी पत्रकारितेत मिळतं, मुलाखतींत मिळतं, ते फुकट आहे आणि उपयोगीही.

---

वाशीकर_वैनी

तुर्भेकरभाऊ, अर्धं पटलं. बोलण्यासाठी कादंबरी वाचणं हा लांबचा रस्ता आहे. पण जुन्या साहित्यात नाटकंही येतात की! ऑस्कर वाइल्डचं 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट' (१८९५) बघा. तीन अंक, वाक्यं छोटी, सगळा सवाल-जवाब, आणि त्यातलं ऐंशी-नव्वद टक्के इंग्रजी आजही जसंच्या तसं चालतं. दोघादोघांनी पात्रं वाटून मोठ्याने वाचा. एक प्रवेश तीनदा: पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा वाक्यात जोर कुठे पडतो त्यासाठी, तिसऱ्यांदा कागदावरून नजर वर काढून. मराठी माणसाचं इंग्रजी सपाट ऐकू येतं, कारण आपण प्रत्येक शब्दाला सारखंच वजन देतो. इंग्रजीत वाक्यातले दोन-तीन शब्दच ठासून येतात, बाकीचे गिळले जातात. विनोदी नाटकात जोर चुकला की विनोद पडतो, त्यामुळे चूक लगेच कळते.

दुसरं, शॉचं 'पिग्मॅलियन'. पुलंची 'ती फुलराणी' त्यावरूनच, ती पाहिलेली असेल तर गोष्ट माहीतच आहे. आधी मराठी प्रवेश, मग मूळ, असं वाचलं की इंग्रजी पात्राच्या बोलीत काय बिघडवलंय ते चटकन दिसतं. फक्त एक सूचना: शॉ 'डोन्ट', 'वोन्ट' वगैरेंमधलं वरचं चिन्ह मुद्दाम गाळतो. ती छपाईची चूक नाही आणि गटाने ती सवय उचलायचीही नाही.

---

तुर्भे_एमआयडीसी

नाटकांना माझी हरकत नाही. 'ती फुलराणी'ला तर नाहीच नाही.

---

सानपाडा_लोकल

ठाणे-वाशी गाडीत साधारण अर्धा तास मिळतो. वाचायला उभ्याने जमत नाही, ऐकायला जमतं. वाचक सावकाश वाचत असेल तर मिनिटाला दीडशे शब्द, म्हणजे एका फेरीत चार-साडेचार हजार शब्द. 'ख्रिसमस कॅरल' तीन-सव्वातीन तासांत संपतं, आठवड्याभराच्या जाण्यायेण्यात आरामात.

लिब्रिव्हॉक्सवर (२००५ पासून चालू आहे, स्वयंसेवक वाचतात, पूर्ण मोफत) एकेका पुस्तकाची अनेक ध्वनिमुद्रणं असतात. एकाच माणसाने सबंध वाचलेलं निवडा, तिथे त्याला 'सोलो' म्हणतात. सामूहिक वाचनात दर प्रकरणाला आवाज आणि उच्चाराची ढब बदलते. शिकणाऱ्याचा कान एका आवाजाला सरावतो न सरावतो तोच दुसरा येतो. वेग पाऊणपट ठेवला तर शब्द सुटे ऐकू येतात, त्याहून कमी केला की आवाज ओढल्यासारखा होतो.

क्रम महत्त्वाचा: आधी पान वाचायचं, मग पानावर डोळे ठेवून ऐकायचं, मग गाडीत नुसतं ऐकायचं. थेट गाडीत सुरुवात केली तर रबाळे येईपर्यंत कोण कोणाचा काका हेच कळत नाही.

---

आजीचा_चष्मा

सानपाडाभाऊंना दुजोरा. ऐकल्याने उच्चारांचे घोटाळेही सुटतात. 'ट्रेझर आयलंड'मध्ये (१८८३) तर पावलोपावली आहेत. खाण्याच्या सामानासाठी असलेला शब्द स्पेलिंगवरून 'व्हिक्चुअल्स' वाटतो, उच्चार 'व्हिटल्स'. 'बोटस्वेन' लिहायचं, 'बोसन' म्हणायचं. 'फोरकॅसल'चं 'फोक्सल' होतं. समासात पेन्सिलने देवनागरीत उच्चार लिहून ठेवावा. आपल्या लिपीचा हा फायदा मोठा आहे, मात्र व्ही आणि डब्ल्यू या दोघांनाही आपण 'व'च लिहितो, तेवढं सांभाळायला हवं.

---

चष्मिष

होम्स कसा नाही आला अजून कोणाच्या तोंडी? 'द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' (१८९२), बारा कथा, प्रत्येक सात ते दहा हजार शब्द. निवेदक डॉक्टर, भाषा साधी, भूतकाळ सरळ. शिवाय शेवट कळेपर्यंत माणूस उठत नाही. शिकणाऱ्याला दुसरं काय हवं?

---

नेरूळचे_मास्तर

चष्मिष, होम्सला माझंही मत. पण एका गोष्टीवर बहुतेक मराठी वाचक पहिल्याच कथेत आपटतात, ती आधी सांगून ठेवावी. अवतरणचिन्हं.

होम्सच्या कथेचा साचा ठरलेला: अशील बेकर स्ट्रीटवर येतो आणि आपली हकीकत सांगतो. ती हकीकत पाच-सहा पानं चालते. इंग्रजी छपाईचा नियम असा की एकाच माणसाचं बोलणं अनेक परिच्छेद चाललं तर प्रत्येक परिच्छेद सुरू होताना अवतरणचिन्ह उघडायचं, पण बंद फक्त शेवटच्या परिच्छेदाला करायचं. आपल्याला हे ठाऊक नसतं. नवा परिच्छेद, नवं चिन्ह, म्हणजे आता दुसरा कोणीतरी बोलतोय असं धरून चालतो आणि तिथून पुढे सगळी गल्लत. त्यात अशील आपल्या हकिकतीत तिसऱ्याचं बोलणं सांगतो, ते आतल्या चिन्हात. बाहेर दुहेरी तर आत एकेरी, काही ब्रिटिश आवृत्त्यांत नेमकं उलट.

उपाय सोपा. पहिल्या वाचनात समासात बोलणाऱ्याचं आद्याक्षर लिहीत जायचं. 'हो', 'वॉ', 'अ'. परिच्छेदाच्या शेवटी चिन्ह बंद झालं आहे का ते बघायचं, नसेल तर माणूस तोच. दुसऱ्या कथेपासून पेन्सिल लागत नाही.

---

मूषकराव

मास्तर, दंडवत. या 'बंद न झालेल्या' चिन्हांना लोक छपाईच्या चुका समजतात आणि दुकानदाराशी भांडतात.

---

खाडीकाठ

होम्स आणि डिकन्स दोन्हीकडे पैशाचा हिशोब आला नाही तर निम्मी गंमत जाते. १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. गिनी म्हणजे २१ शिलिंग. हाफ क्राउन म्हणजे अडीच शिलिंग. आपल्याकडे १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया होताच, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना हे अवघड जाऊ नये.

आता उपयोग बघा. 'ख्रिसमस कॅरल'मधला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग कमावतो. ('बॉब' हे शिलिंगचं बोलीतलं नाव, डिकन्सने तिथे कोटी केलीय.) 'द रेड-हेडेड लीग'मधल्या गहाणवट दुकानदाराला रोज दहा ते दोन बसून विश्वकोश उतरवून काढण्याचे आठवड्याला चार पौंड मिळतात. म्हणजे ऐंशी शिलिंग! दोन कथांत जवळजवळ पन्नास वर्षांचं अंतर आहे हे धरूनसुद्धा एवढ्या हलक्या कामाला एवढा पैसा म्हटल्यावर तो माणूस प्रश्न का विचारत नाही हे लगेच कळतं. आकडा नुसता वाचून पुढे गेलात तर अशील मूर्ख वाटतो.

---

वाशीकर_वैनी

खाडीकाठ, हाच हिशोब 'प्राईड अँड प्रेज्युडिस'लाही लावा, मग ती प्रेमकथा कमी आणि घरच्या जमाखर्चाची वही जास्त वाटते. नायक डार्सीचं वर्षाचं उत्पन्न दहा हजार पौंड. नायिका एलिझाबेथचे वडील मिस्टर बेनेट यांचं दोन हजार, पण जमीन पुरुष वारसाकडे जाणार, मुलींना नाही. एकोणिसाव्या प्रकरणात तो वारस, मिस्टर कॉलिन्स, मागणी घालताना एलिझाबेथला ऐकवतो की आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला चार टक्क्यांच्या रोख्यांतले एक हजार पौंड येतील, बाकी काही नाही. करा गणित: वर्षाला चाळीस पौंड व्याज. डार्सीच्या उत्पन्नाचा अडीचशेवा भाग. तरी ती कॉलिन्सला नाही म्हणते, आणि पुढे चौतिसाव्या प्रकरणात डार्सीलाही. एफडीचं व्याज मोजणाऱ्या आपल्या मंडळींना हे प्रकरण समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून धागाकर्त्यांनी त्या तिघांना असं सांगावं: पुस्तक दुसऱ्या वर्षी. तोवर चवीपुरतं पहिलं आणि एकोणिसावं प्रकरण वाचा. पहिलं जवळजवळ सगळं संवादात आहे, लहान आहे. फक्त बोललं कोण हे ऑस्टिन दरवेळी सांगत नाही, तिथेही मास्तरांची पेन्सिल चालेल.

संबोधनांचाही एक नियम लक्षात ठेवा. नुसतं 'मिस बेनेट' म्हटलं की थोरली जेन. धाकट्यांना नावासकट, 'मिस एलिझाबेथ'. थोरली समोर नसेल तर मात्र धाकटीलाही 'मिस बेनेट' म्हणतात. हे माहीत नसलं की कोणाबद्दल बोलणं चाललंय तेच कळत नाही.

---

मूषकराव

आणि मिस्टर बेनेट आपल्या जावयाबद्दल म्हणतात की हा आम्हा सगळ्यांशी 'मेक्स लव्ह' करतो, तेव्हा दचकू नये. तेव्हा त्याचा अर्थ गोडगोड बोलणं, लाडीगोडी एवढाच. गटात सत्तरीचे सभासद आहेत म्हणून आधीच सांगितलं.

---

तलावपाळी

सत्तरीचेच सगळ्यात कमी दचकतील.

---

कळव्याची_रेणू

एक व्यावहारिक प्रश्न. लांबलचक वाक्य आलं की काय करायचं? शब्द सगळे माहीत असतात तरी वाक्य लागत नाही.

---

नेरूळचे_मास्तर

रेणूताई, खरी अडचण हीच असते. शब्दांना कोश आहे, वाक्यरचनेला नाही.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण शेवटाची वाट बघत वाचतो. इंग्रजीत मुख्य क्रियापद आधीच होऊन गेलेलं असतं आणि पुढे नुसती शेपटं लागत जातात. त्यामुळे: अर्धविरामापाशी पेन्सिलने उभी रेघ मारा. प्रत्येक तुकड्यात कर्ता आणि क्रियापद यांच्याखाली रेघ ओढा. 'हू' किंवा 'व्हिच' दिसलं की त्याला गोल करून ते ज्या नामाबद्दल आहे तिकडे बाण काढा. आपल्याकडे 'जो' आधी येतो आणि 'तो' नंतर, तिकडे नाम आधी आणि 'हू' त्याच्या मागून, म्हणून बाण बहुतेक वेळा डावीकडे जाईल. मग सगळी शेपटं झाकून नुसता सांगाडा मोठ्याने वाचा. तो लागला की शेपटं एकेक करून जोडा.

तीन रचना आधीच शिकून घ्या, जुन्या गद्यात त्या सतत येतात. पहिली, भूतकाळातल्या सवयीचं 'वुड'. 'ही वुड गो' म्हणजे तिथे बहुतेक 'तो जाईल' नसतं, 'तो जात असे' असतं. दुसरी, 'इफ' न वापरता उलटं केलेलं 'हॅड आय नोन', म्हणजे 'मला माहीत असतं तर'. तिसरी, 'आय'बरोबर येणारं 'शुड', ते पुष्कळदा 'पाहिजे' नसून नुसतं 'वुड'चं काम करत असतं. या तिन्हींचा चुकीचा अर्थ लावून परिच्छेद पूर्ण करता येतो आणि चूक कळतही नाही, म्हणून त्या जास्त वाईट.

---

कळव्याची_रेणू

'जात असे' वाचून एकदम उजेड पडला. धन्यवाद मास्तर. धागा वाचनखुणांत.

---

घणसोलीचा_घारू

इतका खटाटोप करण्यापेक्षा सोप्या आवृत्त्या का नकोत? ऑक्सफर्ड बुकवर्म्सच्या मालिकेत पायऱ्याच आखलेल्या आहेत: पहिलीला ४०० मूळ शब्द, दुसरीला ७००, मग १०००, १४००, १८०० आणि सहावीला २५००. तिसरी-चौथी पायरी आपल्यासारख्यांना सहज झेपते आणि आठवड्यात पुस्तक संपतं. संपल्याचा आनंदही असतोच की.

ही कल्पना आपल्याच उपखंडात मुरलेली आहे. मायकेल वेस्ट ढाक्यात शिकवत असताना त्यांनी मर्यादित शब्दांतली वाचनपुस्तकं करायला घेतली. पुढे १९५३ मध्ये त्यांची साधारण दोन हजार शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' आली. तेव्हा सोपी आवृत्ती म्हणजे लबाडी, हे डोक्यातून काढावं.

---

वाशीकर_वैनी

घारू, लबाडी कोणी म्हणत नाही. पण सोप्या आवृत्तीत गोष्ट उरते, आवाज जातो. डिकन्समधून आवाज काढला तर काय राहिलं? म्हातारा, भुतं आणि टर्की.

---

घणसोलीचा_घारू

वैनी, हजार शब्द येणाऱ्याला मूळ डिकन्स दिलात तर त्याला आवाजही ऐकू येणार नाही आणि गोष्टही कळणार नाही. गटात सगळे एका पातळीचे नसणार.

---

नेरूळचे_मास्तर

दोघांचं जुळवता येतं. ज्यांना मूळ जड जातं त्यांनी त्या आठवड्याचा भाग सोप्या आवृत्तीत आधी वाचून यावा. शनिवारी मात्र टेबलावर मूळच. गोष्ट माहीत असली की डोकं भाषेकडे मोकळं राहतं. फक्त होम्सच्या बाबतीत हे करू नका, रहस्य आधीच फुटेल.

आणि एक सावधगिरी: चार्ल्स आणि मेरी लॅम्बचं शेक्सपिअरवरचं पुस्तक (१८०७, वीस नाटकांच्या गोष्टी) मुलांसाठी लिहिलेलं म्हणून लोक सोपं समजून आणतात. त्यातली वाक्यं लांबलचक आणि शेक्सपिअरच्या शब्दांनी भरलेली आहेत. ती शिकणाऱ्याची पहिली पायरी नव्हे.

---

गडकरी_कट्टा

शेक्सपिअरचा विषय निघालाच आहे तर: 'दाऊ' आणि 'यू' हे शाळेत 'जुनं आणि नवं' असं शिकवतात आणि सोडून देतात. नाटकात दोन्ही शेजारीशेजारी येतात आणि अर्थ बदलतो. माया, राग, हुकूम, देवाची प्रार्थना इथे 'दाऊ'. अदब राखायची तिथे 'यू'. म्हणजे आपलं तू आणि तुम्ही! इंग्रजी मुलांना हे टिपांमधून शिकावं लागतं, आपल्याला कानाने कळतं. एखादं पात्र मध्येच 'यू' सोडून 'दाऊ'वर आलं की समजायचं, पारा चढला किंवा माया दाटली.

आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं १८८३ मध्ये, देवलांचं 'झुंजारराव' ('ऑथेल्लो'वरून) १८९० चं. मिळाल्यास एखादा प्रवेश मुळाशेजारी ठेवून वाचा. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात (स्थापना १८९३) विचारून बघायला हरकत नाही.

---

खाडीकाठ

अवांतर: ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. त्या महिन्यात तिकडे लंडनमध्ये डिकन्सचं 'ब्लीक हाउस' हप्त्याहप्त्याने निघत होतं, मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३. महिन्याला एक हप्ता, बत्तीस पानं, किंमत एक शिलिंग.

---

मूषकराव

आणि दोन्ही वेळेवर येत होते. पुढे काय झालं ते मध्य रेल्वेलाच ठाऊक.

---

चष्मिष

अवांतर नाहीये हो ते! डिकन्स हप्त्यांतच वाचावा. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' साप्ताहिकात आलं, १ डिसेंबर १८६० पासून ३ ऑगस्ट १८६१ पर्यंत, ३६ हप्ते. दर शनिवारी एक हप्ता असा लावला तर तेव्हाचा वाचक जिथे थांबत होता तिथेच आपला गट थांबेल, आणि पुढे काय होणार म्हणून लोक पुढच्या शनिवारी येतील. १ डिसेंबर १८६० हा वारही शनिवारच होता.

अडचण बोलींची. नायक पिपचा मेहुणा जो गार्जरी, त्याचं बोलणं स्पेलिंग मोडून लिहिलंय, कोशात सापडणार नाही. ते मोठ्याने वाचलं की कळतं. सातव्या प्रकरणात लहानगा पिप पाटीवर जोला पत्र लिहितो, ते सगळं चुकीच्या स्पेलिंगात. तिथे कोश उघडून बसणारा हमखास फसतो. 'वदरिंग हाइट्स'मधला (१८४७) नोकर जोसेफ त्याहून अवघड, त्याची यॉर्कशायरची बोली इंग्लंडातल्याच दक्षिणेकडच्या वाचकांना कळेना, म्हणून शार्लट ब्राँटीने १८५० च्या आवृत्तीत ती सौम्य केली. इंग्रजांनाच जमली नाही तर आपण दोन ओळी सोडून दिल्या म्हणून बिघडलं कुठे?

---

आजीचा_चष्मा

सोडून देण्याबद्दल +१. 'ख्रिसमस कॅरल'चा तिसरा भाग सगळ्यात लांब, त्यात बाजारातल्या फळांच्या, पक्वान्नांच्या याद्याच याद्या. निम्मे लोक तिथे गळतात. यादी आहे हे ओळखायचं, दोन पदार्थ समजून घ्यायचे, पुढे जायचं.

---

वर्तकनगर_वाचक

कोशाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून. पहिल्या वाचनात कोश बंद, न कळलेल्या शब्दाखाली नुसती रेघ. बघायचे फक्त दोन प्रकारचे शब्द: जे त्याच प्रकरणात पुन्हा आले आणि ज्यांच्यावाचून प्रसंगच कळत नाही. हजार-बाराशे शब्दांच्या मजकुरात असे पाच ते सात निघतात. तेवढेच वहीत, सबंध वाक्यासकट. सुटा शब्द आणि समोर सुटा मराठी अर्थ अशी वही महिन्याभरात निरुपयोगी होते, कारण तो शब्द कोणाबरोबर नांदतो ते त्यात नसतं.

फोनवरचे कोश आजचा अर्थ आधी देतात. जुन्या पुस्तकांना १९१३ चा वेब्स्टर चांगला, इंटरनेटवर मोफत आहे, आणि त्यात त्या काळचे अर्थ पुढे असतात. मराठी अर्थच हवा असेल तर मोल्सवर्थ-कँडीचा १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश गमतीचा आहे, पण त्यातल्या मराठीलाच दुसरा कोश लागेल.

आवृत्ती घेताना: स्वस्त प्रतींत बऱ्याचदा मजकूर कापलेला असतो आणि ते कुठेतरी बारीक अक्षरात. प्रकरणं मोजा. 'जेन एअर' ३८, 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ५९, 'ट्रेझर आयलंड' ३४, 'थ्री मेन इन अ बोट' १९. कमी भरली तर ठेवून द्या. 'थ्री मेन' (१८८९) सुचवायचंच होतं. तिसऱ्या प्रकरणात काका भिंतीवर तसबीर लावतात आणि अख्खं घर कामाला लावतात, ते चिमणराव वाचलेल्या माणसाला परकं वाटणार नाही. नदीवरच्या संध्याकाळची फुलोऱ्याची वर्णनं मात्र खुशाल ओलांडा.

---

नौपाडाकर

अफाट माहिती मिळतेय. गटासाठी प्रती छापून वाटल्या तर चालतील का?

---

वर्तकनगर_वाचक

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. डिकन्स, ऑस्टिन, डॉइल, जेरोम केव्हाच मोकळे. ऑर्वेल आणि शॉ दोघंही १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून मोकळे. वुडहाउस १९७५ ला गेला, त्याला २०३६ उजाडावं लागेल. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर (मोफत पुस्तकांचं संकेतस्थळ) त्याची काही पुस्तकं दिसतात, पण ती अमेरिकेच्या कायद्याने. आणि हक्क मोकळा असतो तो मूळ मजकुराचा, नव्या आवृत्तीतल्या टिपा-प्रस्तावनेचा नव्हे. त्यांच्या झेरॉक्स काढू नका.

---

दिवाळे_दर्यावर्दी

हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' (१९५२) चालेल की. सत्तावीस हजारांच्या आसपास शब्द, वाक्यं आखूड. पुलंनी केलेलं त्याचं भाषांतर 'एका कोळियाने' शेजारी ठेवता येतं. हक्कही २०२२ पासून मोकळा. एकच कटकट, पुस्तकात प्रकरणंच नाहीत, त्यामुळे गटाला थांबे आपणच ठरवावे लागतील: मासा गळाला लागतो तिथे एक, पहिला शार्क येतो तिथे एक. होडी, गळ, दोर यांचे शब्द अडले तर बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात या, वस्तू दाखवतो. मार्लिन तेवढा आमच्या खाडीत मिळत नाही.

---

तुर्भे_एमआयडीसी

लेखक अमेरिकन आहे, धागा इंग्रजी साहित्याचा.

---

दिवाळे_दर्यावर्दी

भाषा इंग्रजीच आहे ना? मग पाण्यात उतरा.

---

नौपाडाकर

सगळ्यांचे आभार. आज गटात बोलणं झालं. ठरलं ते असं: आधी 'द रेड-हेडेड लीग', तीन शनिवार. मोठ्याने वाचत, थांबत गेलं तर दीड तासात तीन-साडेतीन हजार शब्द होतील असा अंदाज. मग 'ॲनिमल फार्म', दहा शनिवार. डिसेंबरात 'ख्रिसमस कॅरल', ज्यांना जड जाईल त्यांना सोपी आवृत्ती आधी. मध्ये एक शनिवार वाइल्डच्या पहिल्या अंकासाठी. 'प्राईड अँड प्रेज्युडिस'वाल्या तिघांना एकोणिसावं प्रकरण दिलंय, त्यातला एक जण आत्तापासून कॉलिन्सची भूमिका मागतोय.

एकच राहिलं: मोठ्याने वाचायला कोणी पुढे येत नाही, उच्चार चुकेल म्हणून.

---

वाशीकर_वैनी

पहिल्या दिवशी कोणालाच एकट्याने वाचायला लावू नका. ध्वनिमुद्रण लावा आणि सगळ्यांनी त्याच्यामागून एकत्र वाचा, आरती म्हणतो तसं. एकाचा चुकलेला उच्चार दहा जणांत ऐकू येत नाही. तिसऱ्या शनिवारपासून दोघादोघांना द्या.

---

तलावपाळी

आरतीसारखं म्हणजे शेवटच्या ओळीला सगळे एकदम मोठ्याने, मधल्या ओळींना नुसते ओठ. मी येतो.